चार ते आठ

चाराला दहा कमी असताना डोळे उघडतात.
कुणी फोन करून उठवलेलं नसतं.
रामबागेत इतकं शांत
की काहीतरी बंद पडलंय असं वाटून
मी अंथरुणातूनच कानोसा घेतो:
जनरेटर? मेन इंजिन? निदान पंखा?
पंखा चालू आहे.
केतकी झोपेत म्हणते, अरे, घरी आहेस.

सेकंड इंजिनिअरची पाळी चार ते आठ,
पहाटेची आणि पुन्हा संध्याकाळची.
म्हणजे उगवणं आणि मावळणं
दोन्ही मी पाण्याच्या रेषेखाली काढतो,
बेचाळीस डिग्रीत, कानांवर मफ लावून.

इरा परवा विचारत होती,
बाबा, समुद्र कसा असतो?
मी म्हणालो, बत्तीस.
सिंगापूरजवळ बत्तीस, बाल्टिकमध्ये तीन.
माझ्याकडे तो आकडा होऊन येतो
कूलरच्या तोंडाशी, एका तबकडीवर.
कधी गाळणीत अडकलेला जेलीफिश होऊन.
ती हिरमुसली. तिला निळा हवा होता.
मग निळाही सांगितला, थोडा पदरचा घालून.

पागनीसांकडच्या लग्नात, पंगतीत
शेजारच्या गृहस्थांनी माझी नखं पाहिली.
आपलं गॅरेज आहे का?
हो म्हणालो. चार मजली आहे.
फक्त एका जागी राहत नाही.

मुक्काम किती, हे तर सगळेच विचारतात.
उत्तर फ्रिजमागच्या कॅलेंडरात आहे.
केतकीने पेन्सिलीने दिवस मोजलेत,
या वर्षात घरचे किती, बाहेरचे किती,
कराचं गणित बसलं पाहिजे.
दोन दिवस जास्त झाले तर खोडरबर चालत नाही.
माझ्या असण्याची एवढी काटेकोर नोंद
आम्ही तेलाचीही ठेवत नाही.

तिला एक सांगितलेलं नाही.
मलाक्काच्या खाडीत ब्लॅकआउट झाला त्या पहाटेचं.
पंप, पंखे, पायाखालची थरथर,
सगळं एकदम गेलं.
मागून येणारी जहाजं वर ब्रिजवर दिसत असतील,
मला फक्त ती शांतता.
अंधारातून रोडेल म्हणाला, "सेकंड?"
(हा रोडेल, ज्याला मी भातावर जिरावण घालायला शिकवलं.)
एवढंच म्हणाला तो.
इमर्जन्सीचे दिवे लागायला एकोणीस सेकंद लागले.
मी मोजत होतो असं नाही,
मोजले जात होते.

आणि केतकी म्हणते, मांडवगडला जाऊ,
किती शांत असतं तिथे.
मी म्हणतो, त्यापेक्षा सराफ्यात जाऊ.

आज नळाचा दिवस. पाचला येतं पाणी.
नर्मदा इथे आपणहून येत नाही.
खाली जलूदला तिला धरतात,
पंपामागे पंप लावून घाट चढवतात.
शाळेत हे नुसतं पाठ केलं होतं.
आता अंधारात पाइपवर तळवा ठेवून उभा राहतो:
आधी हवा,
मग घसा खाकरणं,
मग दाब.

म्हणजे तिकडे कुणीतरी चार ते आठ करतोय.
त्याचा चहाचा पेला पंपाच्या चौथऱ्यावर थरथरतोय.
एखादं बेअरिंग त्याला गरम वाटत असेल,
हाताच्या मागच्या बाजूने तो चाचपत असेल,
आणि त्याच्याही घरी कुणी विचारत असेल
नदी कशी असते म्हणून.

पहिली बादली गढूळ, ती कुंड्यांना.
दुसरी लावतो.
आतून केतकीचा आवाज,
झोप ना रे अजून जरा.

आठपर्यंत नाही येता येणार,
मी म्हणतो, पण हळू,
नळाच्या आवाजाखाली.