मानशीवरची अकरा मिनिटं

माझ्या टेबलाला एक खालचा खण आहे.
त्यात म्हापशाचे एक वकील
पृथ्वी मंदावल्याचा आळ बोअरवेलींवर घेतात,
आणि कुडचड्याच्या एका यंत्राला
इंधन लागत नाही, फक्त माझी सही लागते.
दोनापावलच्या आमच्या इमारतीत
या खणाला सगळे हसतात. मीही.
हसणं म्हणजे तपासणं नव्हे,
हे सोयीनं विसरून.

मग चोडणहून इनास फुर्तादचं बोचकं आलं.
मिठाच्या पोत्यात एकवीस वह्या, वर चिठ्ठी:
‘चंद्रानं भरती येते हे अर्धंच खरं.
चंद्र घंटा वाजवतो,
पाणी उठतं ते आपल्या आठवणीनं.
खाजनात एकदा शिरलेलं पाणी
शेतं विसरत नाही, म्हणून रेंगाळतं.’

खण उघडला होता मी. अगदी अर्ध्यावर.

पण तिसऱ्या वहीच्या समासात, पेन्सिलीनं:
‘घड्याळ आठवड्याला दोन मिनिटं पुढे पळतं.
रेडिओशी ताडून आकडा कमी केला.’
दर रविवारी. एकवीस वर्षं.
आणि मधेच: ‘ताप. पाहिलं नाही.’
‘फेस्त. प्यालो होतो. हा आकडा धरू नये.’

त्याच आठवड्यात टेबलावर दोन शोधनिबंध होते.
एक म्हणे, भरतीला उशीर होतो तो
बार्जींतून सांडलेल्या खनिजाच्या गाळानं;
दुसरा म्हणे, फुटक्या बांधांमुळे,
पाणी पडीक शेतांत पसरतं म्हणून.
दोघांचे आलेख इस्त्री केलेले.
तिथं ताप कुणालाच आला नव्हता.

इनासच्या वहीत उशीर सुरू होतो
सांजांवच्या दुसऱ्या दिवशी, थोरला बांध गेला तेव्हा.
चार मिनिटं. पुढल्या वर्षी सात. मग अकरा.
खाणी बंद पडल्या, बार्जी काठाला गंजल्या,
अकराचे अकराच राहिले.

रायबंदरहून फेरीबोटीनं पलीकडे गेले.
मानशीच्या चिऱ्यावर खुणा, खुणांवर शेवाळ.
विचारलं, ‘काय घडलं तर तुमचं म्हणणं खोटं ठरेल?’
हा प्रश्न मी वकिलांना कधी विचारला नव्हता.
तो बराच वेळ खेकड्याची बिळं बघत राहिला.
‘बाये, पुनवेला मानशीचीं दारां घट्ट लावया.
पाण्याला आत याद करायला कांयच उरलें ना
तर भरती वेळार येतली.
ना आयली, तर वह्यो चुलींत.’

पुनवेच्या रात्री डास आणि आम्ही.
माझ्या हातात छापील तक्ता,
त्याच्या हातात ते पळणारं घड्याळ.
तक्त्याची वेळ टळली. इनास हलला नाही.
एक. तीन.
पाचव्या मिनिटाला पाणी खुणेला लागलं.

अकरा नाहीत. शून्यही नाही.
माझ्या गणितात पाच बसत नव्हते,
त्याच्या आठवणीतही.
त्यानं बॅटरीच्या उजेडात लिहिलं:
‘पाच. समजलें ना.’
आणि वही चुलीत न घालता
माझ्यापुढे धरली, साक्षीची सही कर म्हणून.

केली.
आज फेरीबोटीत दोन्ही निबंधांचे अभिप्राय लिहायला घेतले.
गाळवाल्यांना लिहिलं: तारखा बघा.
बांधवाल्यांना: तुमचे उरलेले पाच कुठले?
तिसऱ्या अर्जावर, मिठानं भिजलेल्या,
‘सिद्धांत’ या शब्दापुढे फुली मारली,
‘निरीक्षण’पुढे बरोबरची खूण केली,
मग फुली खोडली.
नंतर पुन्हा मारली, जरा लहान.