सून, म्हणजे कधी

हेक्समचा घड्याळजी कथबर्ट रेन वारला
तेव्हा दुकानात एकेचाळीस घड्याळं होती,
प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.
वर गिऱ्हाइकाचं नाव, मग बिघाड,
आणि 'कधी मिळेल'च्या रकान्यात
सगळीकडे एकच शब्द:
सून.

(आपल्या लिपीत लिहिला की हा शब्द घरातली सून होतो.
होऊ दे. माप ओलांडताना तीही
उंबऱ्यावर जरा थांबतेच.)

डरहॅमहून भाची आली, हेस्टर.
जुनी इंग्रजी शिकवते.
चिठ्ठ्या सोडवता सोडवता, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाली,
हजार वर्षांपूर्वी हा 'सोना' होता
आणि त्याचा अर्थ होता: तत्क्षणी.
हाक आली की माणूस सोना उठायचा,
जेवण टाकून.
मग माणसं 'आलोच' म्हणून
शेकोटीशीच बसून राहिली,
'देतोच' म्हणून थैलीची गाठ चाचपत राहिली.
कुणी खोटं बोललं नाही तसं.
शब्दच लांबत गेला,
ओला स्वेटर वाळत घातल्यावर लांबतो तसा.
'अनॉन' म्हणून एक होता, याच्याच वयाचा,
एका दमात पोचतो म्हणून निघालेला.
तोही वाटेत बसला.
आता फक्त जुन्या नाटकांत दिसतो, नोकराच्या तोंडी,
आणि नोकर काही लगेच येत नाही.

दुपारी मिसेस ऑर्ड आल्या, छत्री झटकत.
नवऱ्याचं घड्याळ, चौदा वर्षं झाली टाकून.
दर गुरुवारी विचारायला यायच्या.
तो म्हणायचा, सून, आणि किटली ठेवायचा.

हेस्टरने घड्याळ उलटं करून मागचं झाकण उघडलं.
आत पितळेवर सुईने कोरलेलं:
दुरुस्त. मार्च, त्याच वर्षीचा.
किल्ली दिली.
चाललं. सोना.

मिसेस ऑर्डनी चष्मा पुसला,
पुन्हा वाचलं.
पैसे किती, विचारलं, दिले,
सुट्टे मोजून घेतले.

कॉर्ब्रिजच्या बसमध्ये, पिशवीत, कांद्याच्या पातीखाली
त्याने चारचे ठोके दिले
तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं.
त्या खिडकीबाहेर बघत होत्या.
चिठ्ठी तेवढी
त्यांनी सोडू दिली नव्हती.