लोखंडापर्यंत

दारूखान्यात गेले ती दुर्बिणीच्या बैठकीला
जड बूड हवं होतं म्हणून.
याकूबचाचा चौगुले जहाजाच्या वरामावर,
पोटऱ्यांवर चिखल वाळलेला, हातात गॅसचं कटर.
पेटवलं तेव्हा ज्योत पिवळी, लांबडी, काजळ सोडणारी.
त्यांनी ऑक्सिजनची चावी पिळली
आणि ती आखडली, निळी झाली, फुत्कारू लागली.
'पिवळी नुसती मिरवते,' म्हणाले, 'कापते ती ही.'

सात वर्षं मी हेच तर मोजतेय:
चाळीस हजार अंशांचे निळे तारे,
वर्णपटातल्या हेलियमच्या रेघा,
रेघांच्या फुगण्यावरून वाऱ्याचा वेग.
स्वतःचाच उजेड त्यांची साल सोलून नेतो.

चहा येईतो नऊ वाजले. फेब्रुवारी.
भाऊच्या धक्क्याच्या दिव्यांवर, धुरकटात, एकच ठिपका.
जुन्या लोकांना तिथं जहाज दिसलं होतं;
नकाशेवाल्यांनी पुढे ते तोडलं,
तळ निराळा, शीड निराळं, वराम निराळा.
'म्हणजे वरही दारूखाना.'

तो ठिपका वरामावरचा. सूर्याच्या कितीतरी पट जड.
'मग पुरत असेल पुष्कळ.'
'नाही चाचा, जेवढा थोर तेवढा उधळ्या.
सूर्य हजार कोटी वर्षं काढेल काटकसरीनं,
हा पन्नास-साठ लाखांत आटोपेल.'
त्यांनी मान हलवली,
जणू ओळखीतल्या कुणा शेटचं ऐकलं.

शिडापाशी आहे एक, त्याचा हायड्रोजन पार उडालाय,
बाजूचा पत्रा उतरवल्यावर इंजिनखोली दिसावी
तसं जळतं पोट उघडं.
पुढं कार्बन, निऑन, ऑक्सिजन,
प्रत्येक इंधन आधीच्याहून लवकर सरतं,
सिलिकॉन तर दोन-चार दिवस,
तेवढ्यात गाळ्याचा हिशेबही होत नाही.

'आणि शेवटी?'
'लोखंड. ते जाळून काही मिळत नाही.
तारा तिथं कोसळतो.'
'आमचं तर तिथनंच चालू होतं,' म्हणाले
आणि चष्मा खाली ओढला.

काट्यावर साडेअकरा किलो भरलं. भंगाराच्या भावानं.
टॅक्सीत मांडीवर घेऊन बसले, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
अजून कोमट.
कापलेल्या कडेशी तापून उमटलेला निळसर पट्टा.
रे रोडच्या पुलावर दिवे येत-जात होते,
मी नखानं त्याची रुंदी मोजत होते.