सहा आठवडे, मधे जाळी

पहिल्या खेपेला तीन झाली.
जन्मतःच डोळे उघडे, अंगभर लव, दात आलेले,
जणू बाहेरगावहून आली होती, सामानासकट.
मेंटा अजून ओली होती
आणि कोमिन तिच्या पाठीवर.
झाडूच्या दांड्यानं हुसकलं मी त्याला.
व्हायचं ते होऊन गेलं होतं.
एकशे अकरा दिवस मोजले, पेन्शनच्या तारखांसारखे,
मग पुन्हा दोन, त्यातलं एक थंडच.
जगली ती मी जिन्यातल्या बिऱ्हाडांत वाटली.
मेंटाचा कणा बोटांना लागायला लागला
कापडाखाली टाचणी लागते तसा.

म्हणून वेगळं केलं त्यांना.
कोमिननं (धुराडं म्हणजे, रंगावरून,
आणि या शहरात जे काही उरलंय त्यावरून)
दोन दिवस गवत तोंडाला लावलं नाही.
रात्री कुत्र्यासारखा भुंकायचा,
खालचे पान वितोल्द काठीनं छत ठोकायचे.
तिनं आपल्याच कुशीची लव उपटून काढली.
सकाळी पिंजऱ्यात राखाडी ढग.

लव मला ठाऊक आहे.
एकवीस वर्षं कॉलर शिवल्या मी
वूचमधल्या एका फरच्या कारखान्यात.
एका कोटाला सव्वाशे कातडी.
हे प्राणी मी उलट्या बाजूनं पाहिलेत, सुईच्या बाजूनं.
एका छिद्रातून साठ साठ केस,
पिसूसुद्धा शिरत नाही, म्हणायचा आमचा फोरमन.
सुई शिरते.
पुढे गावाबाहेरची शेड विकली गेली, ही दोन उरली होती.
बादलीत घालून आणली, ट्रॅमनं,
वर माझा स्कार्फ.

डॉक्टर यागोदा म्हणाल्या, मादीचं पोट उघडण्यापेक्षा
नराचं सोपं. सोपं म्हणजे निर्धोक नव्हे.
यांची आतली वाट बंद होत नाही,
नीट शिवली नाही तर आतडं खाली उतरतं.
मी म्हटलं, झाल्यावर टाका मला दाखवा.
त्या हसल्या. पण दाखवला.
बारीक होता, विरघळणारा, आतल्या अंगानं घातलेला.
मी असते तर अजून जवळ घातला असता.
बोलले नाही.

कागदावर शब्द होता, खच्चीकरण.
तो मला सोसत नाही,
कारखान्यात तो माणसांसाठी वापरायचे.
सही केली. शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं.

आदल्या रात्रीही उपाशी ठेवायचं नाही,
आतडं थांबलं की सगळं थांबतं.
घरी आणला तेव्हा गुंगीत, कान गार.
दर तीन तासांनी सिरिंजनं भिजवलेला गवताचा भुगा,
गालाच्या कोपऱ्यातून, थेंब थेंब.
पहाटे चारला पहिली लेंडी पडली,
तांदळाच्या दाण्याएवढी, कोरडी.
मी झेनोनला उठवलं दाखवायला.
“लेंडी?” म्हणाला, आणि चष्मा शोधू लागला.

आता सहा आठवडे.
कापल्यावरही काही थेंब आत वाट पाहत असतात.
डॉक्टरीणबाईंनी तारीख लिहून दिली, फ्रिजवर लावलीय.
दोन पिंजरे. आधी मधे चार बोटं अंतर,
टाके विरल्यावर एकमेकांना टेकवले.
तिची फळी त्याच्याकडे, त्याची तिच्याकडे,
एक दिवसाआड,
वास परका होऊ नये म्हणून.

झेनोन रात्रपाळीला, मी दिवसपाळीला,
नऊ वर्षं आम्ही जिन्यात भेटलो.
तो किल्ली द्यायचा, ती गरम असायची.
काल त्याला हे सांगितलं.
म्हणाला, किल्ल्या दोन होत्या.

चौतिसावा दिवस.
बाहेर उणे अकरा. गारवा यांना मानवतो,
खिडकी किलकिली ठेवून आम्ही कोट घालून बसतो.
कोमिन जाळीला पाठ लावून झोपलाय,
पलीकडून मेंटा.
भोकांतून केस आरपार गेलेत,
आणि त्यातले कुठले कुणाचे
हे मला,
इतकी वर्षं हेच काम करून,
सांगता येत नाही.