उणे ऐंशी

पंचफुला मेश्राम बाही वर सारते.
मनगटावर तेंदूचे ओरखडे, बोटं काळी.
"दुखत नाही, थानाले गाठ नाही,
मंग रगत काहून?"

गाठीच्या आधी रक्तात काही उमटतं का,
तेच शोधतोय, मी म्हणतो.

"म्हंजे वाघाआंधी पंजा."

हो. तसंच.

"पंजा दिसला तं आमी वाट बदलतो, साहेब.
तुमी कवा सांगान?"

पंधरा वर्षांनी. कदाचित.
कुणाला झाला, कुणाला नाही, ते कळल्यावर
नळ्या शेजारी ठेवून.

सत्तर पानांचा पुडा मोजावा तशी
ती वर्षं मोजते; पोरीच्या वयापाशी थांबते.

नळी दोनशे सतरा. बर्फाची पेटी.
सिंदेवाहीत आज सेहेचाळीस.

"माहं रगत तरी थंडाव्यात राहीन,"
कापूस दाबून हसते
आणि उन्हात शिरते,
जमिनीकडे बघत.