भाजक्या मातीचे स्वार

फटिक बाउरीकडे एकोणीस किल्ल्या आहेत
आणि अकरा कुलुपं.
उरलेल्या आठांचं काय, विचारलं तर म्हणाला,
दारं गेली. किल्ल्या टाकायच्या कुठे?

शिमूलडांग्याची राजबाडी
पुढून अजून राजाची,
मागून बत्तीस वाटेकऱ्यांची.
खांबांच्या चुन्यातून पिंपळाने पाय बाहेर काढलेत,
वर, झडपांच्या खिडकीआड
कुणाचा तरी कुकर तीन शिट्ट्या देतो
आणि कबुतरं चौथीची वाट बघतात.

ठाकुरदालनाला पाच कमानी.
आत देवी नाही, देवीचा सांगाडा:
बांबू, पेंढा, सुतळी,
दहा हातांच्या जागी दहा मोकळी टोकं.
रथयात्रेनंतर माती चढेल,
तोवर सिंहाच्या पोटात मांजर व्यालंय.
पिल्लं चार. एकाचे डोळे अजून मिटलेले.

यंदाची पाळी कणिका सिंहबाबूंची.
दुर्गापूरला भूगोल शिकवतात,
वर्ष आलं की रजा जोडून जोडून येतात,
स्वतः चंदन उगाळतात, स्वतः वीजबिल भरतात.
त्या पाळीला 'पाला' म्हणतात.
एक अक्षर वाकवलं की आपलंच.

तळ्याच्या घाटापलीकडे, बांबूच्या बेटात,
तीन देवळं.
छपरं झोपडीसारखी, पावसाला पाठ दिल्यासारखी वाकलेली.
इथे दगड नाही, कणिकादी म्हणाल्या.
काळ्या कातळात वाढलेल्या मला
हे पटायला थोडा वेळ लागला.
नदीने आणून टाकलेला गाळ,
तोच थापला, कोरला, भाजला
आणि देवाला म्हटलं, यात राहा.

भिंतभर विटेएवढे चौकोन:
केस विंचरणारी एक,
हुक्का ओढणारा साहेब,
होडीत दाटीवाटीने टोपीवाले,
हंसांची एक अख्खी ओळ, प्रत्येकाची मान वेगळी.
आणि अगदी तळाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
पागोटी, भाले, तोंडं वासलेले घोडे.

'बोर्गी,' फटिक म्हणाला.
एखाद्या माशाची जात सांगावी तसं.
मग बोटं मोडत गावं मोजली, जळालेली.
राजाची चांदीची भांडी याच तळ्यात बुडवली म्हणे,
गाळ काढताना अजून सगळे वाकून बघतात.
'चौथ' हा शब्द त्याने
थेट आमच्या उच्चारात उच्चारला.

आमच्या इतिहासाच्या पुस्तकात हे
दोन गुणांचं होतं.
मला दोन्ही मिळाले होते.

चहा आला. सोबत गुळाचा संदेश,
शंखाच्या साच्यातला.
आपण कुठल्या?
सकाळी मी 'पश्चिमेकडची' म्हणून सुटले होते.
आता म्हणाले, नागपूर.
कणिकादी आधी गप्प, मग इतक्या हसल्या
की बशीत चहा सांडला.
'अरे बुबाई, इकडे ये! रात्री झोपत नाहीस ना?
ही बघ. खरीखुरी आली.'

पाच वर्षांचा बुबाई खांबाआडून
माझ्या चपलांकडे बघत राहिला.
घोडा कुठंय?
स्टेशनवर बांधलाय.
आणि मिशा?
त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग मला हाताला धरून त्याने देवळापाशी नेलं.
पहिल्या स्वाराला नाक नाही, ओठ नाहीत,
झिजून चेहऱ्याची नुसती वाटी झालीय.
गावातलं प्रत्येक पोर एकदा तरी
खडा मारतं त्याला, फटिक म्हणाला,
मीही मारलाय, बापानेही.
बुबाईने मारला. बरोबर कपाळावर.
मग दुसरा खडा माझ्या तळव्यावर ठेवला.

खडा कसला, विटेचाच तुकडा,
देवळाचा की राजाच्या भिंतीचा, कोण सांगणार.
उन्हाने कोमट झालेला.
सगळे थांबले होते.
नको म्हणणं जास्त वाईट दिसलं असतं
असं मला तेव्हा वाटलं.

माझा नेम चुकला.
वरच्या ओळीतल्या हंसाला लागला.

बुबाई खदखदून हसला.
कणिकादी तळ्याकडे बघू लागल्या.
फटिक पुढे झाला, हंसाच्या मानेवरून
अंगठा फिरवला, गळालेली लाल भुकटी
धोतराला पुसली,
आणि एकोणीसांतली एक किल्ली
निवडत निवडत
पुढच्या देवळाकडे चालू लागला.