पहिली जानेवारी, सकाळचे सहा

मे महिन्यात हा सर्व्हर वर आला तो असा:
खोगिराच्या एका अंगाला पेटी,
दुसऱ्या अंगाला तिच्या वजनाइतके बटाटे.
नारिनच्या पुढे रस्ता घोड्याच्या मर्जीवर चालतो.
तेव्हापासून तो हिमतळ्याची पातळी मोजतो,
दर दहा मिनिटांनी खाली कळवतो.
नऊ दिवस झाले, मुका आहे.

मुका तर तो मुळातच.
पडदा नाही, कळफलक नाही,
धडधाकट धड, आणि वर काही नाही.
म्हणून मी तोंड घेऊन आलोय उसनं:
मुलीचा जुना लॅपटॉप. बिजागरी मोडलेली,
पडद्याला टेकू म्हणून मागे विटेचा तुकडा.

मोज्यात गुंडाळलेली केबल काढतो.
हिच्यात दोन तारा मुद्दाम उलट ओढल्यात,
माझं बोलणं त्याच्या कानात,
त्याचं माझ्या.
सरळ जोडल्या तर दोघे एकाच नळीत ओरडतात
आणि ऐकणारं कुणीच नसतं.
(एसेनकुल म्हणतो, लग्नातही हीच केबल लागते.
त्याची दोन झालीत.)

आधी वेग चुकतो.
शाईत पाय बुडवून मुंग्या चालल्यात
अशी अक्षरं.
मग नऊ हजार सहाशे. एंटर.
काही नाही.
एंटर.
काळ्यावर एक पांढरा चौकोन, उघडझाप.
लॉगिन, आणि पुढे दोन टिंबं.

लॅपटॉप आता लॅपटॉप उरला नाही.
मुलीचे खेळ, फोटो, अर्धा गृहपाठ
आत गप्प बसलेत,
घरात परका माणूस बोलत असताना
पोरं बसतात तसे.

दुरुस्त करू? तो विचारतो. वाय.
दुरुस्त करू? वाय.
सदतीस वेळा.
अडतिसाव्यांदा विचारतच नाही,
तेव्हा उगाच चुकल्यासारखं होतं.

मग तारीख विचारतो.
गुरुवार, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
सकाळचे सहा वाजून चार मिनिटं.
पोटातली बटणाएवढी बॅटरी मेली
की यांची सगळी जात
त्याच पहाटेत जाऊन उभी राहते.

मी हे मोठ्याने वाचलं असणार.
चुलीत शेण्या सारणारी बुरुलाय थांबली.
‘गुरुवारच होता,’ म्हणाली.
‘घोडी व्यायली, अवेळी. मी आठ वर्षांची.
बापाने माझाच कोट शिंगरावर टाकला,
मला विचारलंसुद्धा नाही.
याला कसं ठाऊक?’

‘त्याला तेवढंच ठाऊक आहे.’

बोटं नव्या तारखेवर आलेली.
बॅटरी अकरा टक्के.
चहा ठेवा म्हटलं तिला,
आणि त्याला तिथेच राहू दिलं जरा.
सहा पाच.
सहा सहा.
बाहेर तळं वर सरकत होतं बोटभर,
कुठेच नोंद न होता.

मग एका ओळीत टंकली
पन्नासावर वर्षं.
तो चकित झाला नाही. कामाला लागला.

केबल मोज्यात, वीट जागेवर,
उताराच्या पहिल्या वळणावर घोडा थबकला
तेव्हा आठवलं,
शिंगराचं काय झालं, विचारायचं राहिलं.
कोटाचंही.